मासामुनेनं किती मुडदे पाडले?

१९८७ साली जपानमध्ये ‘फायनल फँटसी’ हा गेम आला. त्यातलं सगळ्यांत जबर शस्त्र अगदी शेवटच्या मुक्कामावर मिळतं आणि ते कोणत्याही पात्राच्या हाती चालतं. त्याचं नाव मासामुने. दहा वर्षांनी याच मालिकेच्या सातव्या भागात सेफिरोथ नावाचा रुपेरी केसांचा खलनायक स्वतःच्या उंचीहून लांब तलवार घेऊन आला. तिचंही नाव मासामुने. त्या तलवारीनं एरिथचा जीव घेतला आणि जगभरची पोरं पडद्यासमोर रडली. तेव्हापासून मासामुने म्हणजे मरण, हे गेमवाल्यांच्या डोक्यात घट्ट बसलं.

मग सरळ विचारू या. सातशे वर्षांपूर्वी सागामी प्रांतातल्या कामाकुरात भाता चालवणाऱ्या खऱ्या मासामुनेच्या पात्यांनी किती मुडदे पाडले?

जपानमध्ये तलवारीची कापण्याची ताकद मोजणारे लोक होते. एदो काळात यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणारं एक घराणं होतं. देहांताची शिक्षा झालेल्यांच्या प्रेतांवर तलवार चालवून ती कशी कापते हे पाहणं, हे त्यांचं काम. त्या परीक्षांच्या आधारावर १७९७ साली एक पुस्तक निघालं आणि त्यात लोहारांच्या श्रेणी लावल्या गेल्या. सर्वोच्च श्रेणीत एदोचा कोतेत्सू आहे, मिनो प्रांतातला कानेमोतो आहे. मासामुने त्या श्रेणीत नाही. जगातली सगळ्यांत घातक म्हणून गेमनं डोक्यावर घेतलेली तलवार, खुद्द जपानच्या कापाकापीच्या यादीत वर नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. जपानच्या दंतकथा झालेल्या तलवारी किती माणसं मारली यावर मोठ्या झालेल्या नाहीत. त्या कोणी घडवल्या, कोणी कोणाला दिल्या, कोणी आगीतून वाचवल्या आणि कोणी जपल्या, यावर मोठ्या झाल्या. बहुतेक गेमनी यातलं नाव उचललं आणि जपणुकीची गोष्ट फेकून दिली. जे गेम ती गोष्ट सांगतात ते थोर ठरतात, आणि त्यातल्या एकाची आपण उगाच टिंगल केली. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

आधी मासामुने. हा तेराव्या शतकाच्या अखेरीचा आणि चौदाव्याच्या सुरुवातीचा लोहार. त्याची सही असलेली पाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची सहीविना. शिवाय घोड्यावरून वापरायच्या लांब तलवारी पुढच्या काळात आखूड केल्या गेल्या, आणि त्या नेहमी मुठीकडून आखूड करतात. म्हणजे सही असलीच तर तीही गेली. मग पातं मासामुनेचं, हे ठरवणार कोण? ते काम होनआमी घराण्याचं. तलवारींना झिलई करणं, त्यांची पारख करणं आणि दाखला लिहून देणं हा त्यांचा पिढीजात धंदा. पोलादाच्या अंगावरचे चमकते कण, धारेलगतची पांढरी लाट, पात्याची ठेवण यांवरून ते लोहार ओळखत.

मासामुनेचं नाव आभाळाला भिडलं ते सोळाव्या शतकाच्या शेवटी, तोयोतोमी हिदेयोशीच्या काळात. लढाया जिंकून झाल्या होत्या आणि सरदारांना वाटायला जमीन पुरेना. मग नामांकित पातं बक्षीस द्यायचं. होनआमींचा दाखला जोडला की ते पातं एखाद्या जहागिरीच्या तोलाचं व्हायचं. सरदार ते घरी न्यायचा, रेशमी पिशवीत ठेवायचा, लग्नात, वारसाहक्काच्या वेळी, शोगुनच्या भेटीला जाताना पुढे द्यायचा. लढाईत नेऊन त्याची धार बोथट करायचा वेडेपणा कोण करील?

१७१९ साली शोगुन योशिमुनेला होनआमींनी नामांकित पात्यांची यादी करून दिली. तीत योशिमित्सू, मासामुने आणि गो योशिहिरो हे तीन लोहार मानाच्या जागी आहेत. प्रत्येक पात्याला नाव आहे, लांबी आहे, मालक आहे, ते कोणाकडून कोणाकडे गेलं हे आहे. आज गेममध्ये ‘लेजंडरी’ शस्त्रांची जी यादी उघडते, तिचं खानदान इथपर्यंत जातं. फरक एका गोष्टीचा आहे आणि तो मोठा आहे. होनआमींच्या त्या यादीत जळून गेलेल्या तलवारींचाही वेगळा विभाग आहे. १६१५ मध्ये ओसाका किल्ला पडला तेव्हा जळालेल्या, १६५७ च्या एदोच्या महाभयंकर आगीत जळालेल्या. पातं गेलं, त्याचं पाणी उतरलं, तरी नाव यादीतून काढलं नाही. कोणता गेम हरवलेल्या तलवारीची अशी आठवण ठेवतो?

ओसाकात जळालेल्यांपैकी एक होती इचिगो हितोफुरी, योशिमित्सूची. तोकुगावा इएयासूनं किल्ला जिंकला, राखेतून पाती वेचली आणि आपल्या लोहाराकडून तिला पुन्हा पाणी चढवून घेतलं. शत्रूची तलवार जिंकणाऱ्यानं दुरुस्त केली. माझ्या लेखी हा प्रसंग सेफिरोथच्या सगळ्या वारांपेक्षा मोठा आहे.

आणि होन्जो मासामुनेचं काय झालं? उएसुगी घराण्याचा सरदार होन्जो शिगेनागा याच्या शिरस्त्राणावर शत्रूनं वार केला, शिरस्त्राण फुटलं, तो वाचला आणि ती तलवार त्यानं जिंकली, अशी कथा आहे. पुढे पैशांची निकड पडली तेव्हा त्यानं ती विकली. फिरत फिरत ती तोकुगावांकडे आली आणि शोगुनपदाच्या वारशाची खूण होऊन बसली. १९३९ मध्ये तिला राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता मिळाली. १९४५ च्या डिसेंबरात, हरलेल्या जपानला शस्त्रं जमा करायचा हुकूम झाला होता तेव्हा, तोकुगावा इएमासा यांनी घरातल्या तलवारी टोकियोच्या मेजिरो पोलीस ठाण्यात दिल्या. पुढच्या महिन्यात त्या एका अमेरिकी सार्जंटच्या हवाली झाल्या असं सांगतात. ज्या नावानं त्या दिल्या त्या नावाचा माणूस लष्कराच्या नोंदींत सापडलेला नाही. होन्जो मासामुने तेव्हापासून बेपत्ता आहे. तिचा शोध हाच एखाद्या उत्तम गेमचा विषय आहे. त्याला राक्षस लागत नाही.

आता मुरामासा. याच्यावर सगळ्यांत जास्त अन्याय झाला आहे. १९८१ च्या ‘विझार्ड्री’ या अमेरिकी गेमपासून त्याच्या नावाची जबरदस्त तलवार खेळाडूंच्या हाती लागली. २००९ मध्ये तर व्हॅनिलावेअर कंपनीनं शापित पात्यांचा आख्खा गेम त्याच्या नावावर काढला. चित्रं सुंदर, खेळायला मजा; पण पाया तोच. मुरामासाची तलवार रक्त प्यायल्याशिवाय म्यानात जात नाही, धरणाऱ्याला वेड लावते, तोकुगावांचा घात करते.

पुरावा काय देतात? इएयासूचा आजा कियोयासू १५३५ मध्ये स्वतःच्याच माणसाकडून मारला गेला, ते पातं मुरामासाचं. बाप हिरोतादा याच्यावर हल्ला झाला, तेही मुरामासाचं. मुलगा नोबुयासू याला १५७९ मध्ये पोट फाडून मरावं लागलं, तेव्हा मान उडवली तीही मुरामासानं. एका घराण्यात तीन पिढ्या. अंगावर काटा येतो खरा.

पण नकाशा उघडा. मुरामासा हे कुवानाचे लोहार. कुवाना हे इसेच्या उपसागरावरचं गजबजलेलं बंदर. तोकुगावांचा मिकावा प्रांत तिथून फार दूर नाही. पातं चांगलं, धार कडक, माल सहज मिळणारा. मिकावाचे निम्मेअधिक योद्धे जर त्याच बाजारातून तलवारी घेत असतील, तर मिकावात होणाऱ्या खुनात तीच तलवार सापडणार. यात शाप कसला? हा बाजारपेठेचा हिशेब आहे.

याहून भक्कम पुरावा हवा? इएयासूचा सर्वांत शूर सेनापती होंदा तादाकात्सू. त्याचा भाला ‘तोनबोकिरी’ मुरामासाच्याच परंपरेतल्या लोहारानं, मासाझानेनं, घडवलेला. पात्यावर येऊन बसलेला चतुर दोन तुकडे होऊन पडला, म्हणून हे नाव. शाप खरा असता तर इएयासूनं आपल्या उजव्या हाताला तो भाला धरू दिला असता? उलट पुढे त्याच तादाकात्सूला त्यानं कुवानाचीच जहागीर दिली. खुद्द इएयासूच्या संग्रहातली मुरामासा तलवार नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आजही आहे. ज्या माणसाचा घात करायला तलवार टपली होती म्हणतात, त्यानं ती जपून ठेवली आणि वारसांना दिली.

शाप रचला तो नंतरच्या काळानं. काबुकी नाटकांना खून हवे होते आणि खुनाला एखादं भयंकर पातं. मग एकोणिसाव्या शतकात तोकुगावांची सत्ता उलथायला निघालेल्या लोकांनी मुद्दाम मुरामासा शोधून कमरेला लावली. अफवेचं राजकीय हत्यार झालं. ही खरी गोष्ट किती जबरदस्त आहे पाहा: एक अफवा दोनशे वर्षं मुरते आणि शेवटी सत्ताबदलाची निशाणी बनते. गेम करणाऱ्यांनी यातला फक्त शाप ठेवला आणि राजकारण वगळलं. सगळ्यांत चविष्ट भाग फेकून दिला.

मासामुने आणि मुरामासा यांची स्पर्धा तर सरळ खोटी आहे. ओढ्यात दोन तलवारी उभ्या केल्या. मुरामासानं वाहत आलेलं प्रत्येक पान कापलं आणि मासामुनेला पानं वळसा घालून गेली, ही गोष्ट इंटरनेटवर रोज कोणीतरी खरी म्हणून सांगतो. दोघांत जवळजवळ दोनशे वर्षांचं अंतर आहे. गुरू-शिष्य नाहीत, प्रतिस्पर्धी नाहीत. गोष्ट म्हणून सांगा, इतिहास म्हणून खपवू नका.

पुढची कुसानागी. ७१२ सालच्या ‘कोजिकी’त सुसानोओ हा देव आठ डोक्यांच्या सर्पाला मारतो आणि त्याच्या शेपटीत ही तलवार सापडते. सम्राटाच्या तीन पवित्र चिन्हांपैकी ती एक. नागोयाच्या आत्सुता देवस्थानात ती आहे असं मानलं जातं, आणि ती कोणाला दाखवत नाहीत. ११८५ मध्ये दान्नोउराच्या समुद्री लढाईत चिमुकल्या सम्राट आन्तोकूला घेऊन त्याच्या आजीनं लाटांत उडी घेतली, तेव्हा राजचिन्हांतली तलवारही बुडाली. ती मूळ होती की प्रतिकृती, यावर वाद चालतच आलेत. १ मे २०१९ ला नारुहितो सम्राट झाले तेव्हा त्यांच्यासमोर तलवार आली ती पेटीत, कापडात गुंडाळून. टीव्हीवर साऱ्या जगानं पेटी पाहिली.

इतक्या प्राचीन काळची तलवार सरळ असणार, हे जपानच्या जुन्या थडग्यांत सापडलेल्या शस्त्रांवरून कळतं. गेममध्ये मात्र कितीदा तरी तिला कतानासारखं वळण देतात आणि तिच्यापुढे ताकदीचा आकडा लिहितात. जिचं सगळं सामर्थ्य न दिसण्यात आहे तिला आकडा लावणं हा आळस आहे. २००६ चा ‘ओकामी’ इथे शहाणा ठरतो. शाईच्या कुंचल्यानं काढल्यासारखं जग, पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली आमातेरासू, सुसानो आणि आठ डोक्यांचा ओरोची. तो गेम पुराणाला पुराण म्हणून मान देतो.

२०२० चा ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ जगभर गाजला. १२७४ ची मंगोल स्वारी, त्सुशिमा बेट, गवतातून धावणारा घोडा, वाऱ्यानं दाखवलेली वाट. गेम देखणा आहे, यात वाद नाही. पण नायकाच्या कमरेला पिढीजात कताना आहे. १२७४ मध्ये सामुराई कमरेला ताची लटकवत असे, धार खाली करून, घोड्यावरून वार करता यावा म्हणून. धार वर करून पट्ट्यात खोचायची तलवार सर्रास झाली ती त्यानंतर शंभर-दोनशे वर्षांनी. आणि त्या काळच्या योद्ध्याचा खरा अभिमान तलवारीत नव्हताच. तो धनुष्यात आणि घोड्यात होता. त्सुशिमाच्या कोमोदा किनाऱ्यावर सो सुकेकुनी सुमारे ऐंशी घोडेस्वार घेऊन मंगोल फौजेसमोर गेला आणि मारला गेला. त्याच्या हातात कताना देण्याची गरज त्याच्या शौर्याला नाही.

तरीही या गेमला मी पुरेपूर गुण देतो, कारण पुढे जे घडलं ते पडद्याबाहेर घडलं. सप्टेंबर २०२० च्या वादळात त्सुशिमाच्या वाताझुमी देवस्थानाचं तोरण कोसळलं. पुजाऱ्यांनी ५० लाख येनची लोकवर्गणी मागितली. देशोदेशीच्या खेळाडूंनी हात सैल सोडला आणि २ कोटी ७० लाखांच्या वर येन जमले. त्सुशिमानं गेमच्या दोन्ही अमेरिकी दिग्दर्शकांना आपले पर्यटन दूत नेमलं. खोटी कताना हातात घेऊन खेळलेल्या माणसांनी खरं तोरण उभं केलं.

सेफिरोथच्या लांबलचक तलवारीबद्दलही एक खुलासा हवा. एवढी लांब तलवार असूच शकत नाही, म्हणून हसणाऱ्यांनी ओकायामाच्या किबित्सू देवस्थानाचं नाव ऐकावं. बिझेन प्रांतातल्या ओसाफुनेच्या नोरिमित्सूनं पंधराव्या शतकात घडवलेली तिथली तलवार मुठीसकट ३७७ सेंटिमीटर लांब आणि साडेचौदा किलो वजनाची आहे. माणसाच्या दुप्पट. ती देवाला वाहिलेली आहे. एवढं पातं न तुटता, न वाकता घडवणं आणि त्याला सरळ पाणी चढवणं हीच लोहाराची पूजा. म्हणजे लांबीसुद्धा खरी आहे. तिचा हेतू मात्र गेमनं उलटा केला.

आणि ‘हजार वेळा दुमडलेलं पोलाद’! हे वाक्य आता बंद करा. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोत तातारा भट्टी आहे. १९७७ पासून ती पुन्हा चालू आहे. हिवाळ्यात तीन दिवस, तीन रात्री लोखंडाची वाळू आणि कोळसा थर देत टाकतात. तळाला जो गोळा तयार होतो तो सुमारे अडीच टनांचा, आणि त्यातलं उत्तम तामाहागाने एक टनही भरत नाही. हे पोलाद एकसारखं नसतं. कुठे कार्बन जास्त, कुठे कमी, मध्ये मळ. म्हणून लोहार ते तापवतो, ठोकतो, दुमडतो, चिरोट्याचे पदर सुटावेत तसे थर करत नेतो. दहा-पंधरा वेळा दुमडलं की पुरे. पंधरा वेळांत थर होतात ३२,७६८. त्याहून जास्त दुमडलं तर प्रत्येक तापवणीत कार्बन जळत जातो आणि पातं मऊ पडतं. हजार वेळा दुमडलेली तलवार काकडीही नीट कापणार नाही.

खरी करामत शेवटी आहे. पात्याच्या पाठीला माती जाड लिंपतात, धारेला पातळ. लालबुंद पातं पाण्यात गेलं की धार झटक्यात थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. धारेकडचं पोलाद फुगतं आणि पात्याला बाक येतो. त्या एका क्षणात महिन्यांची मेहनत तडकूही शकते. आज जपानमध्ये लोहार व्हायचं तर परवानाधारक गुरूकडे पाच वर्षं उमेदवारी करावी लागते, आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. गेममध्ये बटण दाबून घटकेत दहा तलवारी घडवणाऱ्यानं ही संख्या लक्षात ठेवावी.

आता त्या टिंगल झालेल्या गेमकडे. जानेवारी २०१५ मध्ये डीएमएम आणि नायट्रोप्लस या कंपन्यांनी ‘तोकेन रानबू’ आणला. त्यात ऐतिहासिक तलवारी देखण्या तरुणांच्या रूपात येतात. खेळणाऱ्यांत मुली जास्त. लगेच नाकं मुरडली गेली: पोरी चित्रांवर भाळल्या, यांना तलवारीतलं काय कळतं!

पाहू या काय कळतं ते. या गेममध्ये तलवार आपल्या मालकांच्या आठवणी सांगते. हेशिकिरी हासेबे हे ओदा नोबुनागाचं पातं. चूक करून मांडणीखाली लपलेल्या चहावाल्या सेवकाला नोबुनागानं याच पात्यानं मांडणीसकट दाबून चिरलं, अशी त्याची कथा. एवढं नामांकित पातं, आणि त्याच्या नावामागे उभा आहे एक घाबरलेला नोकर. मग नोबुनागानं ते कुरोदा घराण्याला दिलं आणि त्यांनी चारशे वर्षं सांभाळलं. आज फुकुओका शहर संग्रहालयात ते दर जानेवारीत पाहायला मिळतं. गेममधला हासेबे कुरकुरतो ते याच गोष्टीवरून: मला असं नाव ठेवलं आणि वर देऊनही टाकलं. तलवारीच्या इतिहासाचं याहून अचूक वाचन मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिलेलं नाही. मिकाझुकी मुनेचिका हे या गेमचं सर्वांत लाडकं पात्र. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयातल्या खऱ्या पात्याची कीर्ती आहे ती धारेवर उमटलेल्या चंद्रकोरींमुळे. कोणाला कापलं म्हणून नव्हे.

आणि या मुलींनी केलं काय? क्यूशूच्या आसो देवस्थानाकडे होतारुमारू नावाची तलवार होती, १२९७ सालची. १३३६ मध्ये आसो कोरेझुमी लढाई हरून परतला, पात्याला दातरे पडले होते. रात्री स्वप्नात काजवे येऊन पात्यावर बसले, सकाळी पाहतो तर धार अखंड. ही तलवार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धामधुमीत हरवली. २०१५ मध्ये तिची प्रतिकृती घडवायला लोहारांनी ५५ लाख येन मागितले. जमले साडेचार कोटींच्या वर. २०१६ च्या भूकंपात आसो देवस्थानाचं मोठं नुकसान झालं होतं. पुढच्या वर्षी त्याच देवस्थानात नवी होतारुमारू वाहिली गेली.

२०१७ मध्ये आशिकागा या छोट्या शहराच्या संग्रहालयात यामानबागिरी कुनिहिरो ही तलवार मांडली. १५९० मध्ये तिथल्याच किल्लेदारानं घडवून घेतलेली. महिन्याभरात सुमारे ३८ हजार लोक आले. पुढे लोकवर्गणीच्या बळावर ती तलवार शहराकडेच आली. सेतोउची शहराची कहाणी तशीच. उएसुगींकडची सान्चोमो ही राष्ट्रीय ठेव्याच्या दर्जाची तलवार त्या शहरानं २०२० मध्ये ५० कोटी येन उभे करून विकत घेतली, कारण ती घडली तिथल्याच ओसाफुने गावात. शेकडो वर्षं दुसऱ्यांच्या घरी राहून पातं माहेरी आलं. त्या वर्गणीतही या गेमच्या खेळाडूंचा हात होता.

जपानच्या तलवारींवर तीनदा संक्रांत आली. १५८८ मध्ये हिदेयोशीनं शेतकऱ्यांच्या तलवारी जप्त केल्या, १८७६ मध्ये मेइजी सरकारनं कमरेला तलवार लावायला बंदी केली, १९४५ मध्ये अमेरिकी सैन्यानं त्या ढिगानं गोळा केल्या. तिन्ही वेळा काही पाती वाचली ती कोणीतरी ती वाचवण्यासारखी मानली म्हणून. पुजारी, पारखी, लोहार, सरदारांच्या विधवा. आता त्या रांगेत मोबाईलवर गेम खेळणाऱ्या मुली आल्या आहेत आणि त्यांची जागा तिथे मानाची आहे. त्यांना हसणाऱ्या जाणकारांनी एक पातं वाचवून दाखवावं.

आपल्याकडेही आता गेम बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ काढून दाखवला. उद्या कोणी मराठी तरुण मराठेशाहीतल्या तलवारीवर गेम करील, करायलाच हवा. त्याला माझं कळकळीचं सांगणं: शाप आणि आकडा यांच्या वाटेला जाऊ नकोस. दप्तर उघड.

आणि वाचकहो, तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी मासामुने हाती घेऊन खेळत असेल तर गेम बंद करायला सांगू नका. चार प्रश्न विचारा. ही घडवली कोणी? धरली कोणी? दिली कोणाला? आज आहे कुठे? जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांनी आपल्या तलवारींची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. उत्तरं शोधायला घरबसल्या जमतं. आणि या चारांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर ज्या गेमकडे नाही, त्यानं मासामुनेचं नाव वापरू नये.